झाकली मूठ : खासगीपणा जपणारं क्रिप्टो वॉलेट निवडताना

काही वर्षांपूर्वी एका मित्राचे उसने पैसे मी बिटकॉइनमध्ये फेडले. अर्ध्या तासात त्याचा मेसेज आला, "बरीच माया जमवलीस की रे!" मी त्याला माझी शिल्लक कधीच सांगितली नव्हती. पैसे ज्या पत्त्यावरून (म्हणजे खाते क्रमांकासारख्या आकड्या-अक्षरांच्या ओळीवरून) आले तो त्याने एका ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकून पाहिला, एवढंच. त्या पत्त्यावर दोन वर्षांत कधी किती आले, कधी किती गेले आणि आज किती उरलेत, सगळं त्याच्यासमोर होतं. माझं वॉलेट, म्हणजे नाणी सांभाळणारं ॲप, दर वेळी तोच पत्ता दाखवायचं आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

चोरी झाली नव्हती. चावी, म्हणजे पैसे खर्चू देणारा गुप्त संकेत, माझ्याकडेच होती, ती परत मिळवून देणारे शब्द कागदावर नीट लिहिलेले होते. सुरक्षितता होती, खासगीपणा नव्हता. या दोन गोष्टींची नवखा माणूस हमखास गल्लत करतो, कारण 'उत्तम वॉलेट' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक याद्या फक्त पहिलीबद्दल बोलतात. म्हणून वॉलेट निवडताना 'यात किती प्रकारची नाणी बसतात' हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा : हे वॉलेट माझ्याबद्दल कोणाला काय सांगतं?

पायरी १ : मूठ कोणापासून झाकायची आहे?

पाहणारे चार प्रकारचे असतात. पहिला म्हणजे कोणीही ऐरागैरा, ज्याच्याकडे तुमचा एखादा पत्ता आहे आणि इंटरनेट आहे. दुसरा, तुमच्या वॉलेटला माहिती पुरवणारा सर्व्हर. तिसरा, ज्या एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या ऑनलाइन बाजारात, ओळखपत्र देऊन तुम्ही नाणी घेतलीत ते. चौथा, तुमचा फोन हातात घेऊ शकणारा माणूस. चौघांनाही एकदम चकवेल असं वॉलेट नाही. म्हणून तुम्हाला यातल्या कोणाची काळजी आहे ते आधी कागदावर लिहा. ज्याला ग्राहकांकडून पैसे घ्यायचे आहेत त्याला पहिल्याचा त्रास जास्त. ज्याच्या घरात फोन सगळ्यांच्या हातात फिरतो त्याने चौथ्यापासून सुरुवात करावी.

एक गोष्ट आधीच सांगतो. कायद्याने द्यायचा तो हिशेब द्यायचाच असतो, आणि तो देण्यासाठी खासगी वॉलेट आड येत नाही. पगाराची चिठ्ठी कोणी दाराला चिकटवून ठेवत नाही, म्हणून तो कर चुकवतो असं होत नाही.

पायरी २ : चावी कोणाच्या हातात?

एक्स्चेंजवरचं खातं हे वॉलेट नव्हे. तिथे चावी कंपनीकडे असते आणि तुमच्याकडे असते फक्त नोंद. कंपनी बुडाली तर पैशांचं काय होतं हे २०१४ साली माउंट गॉक्सने आणि २०२२ साली एफटीएक्सने, या दोन बुडालेल्या एक्स्चेंजनी, दाखवून दिलंच आहे. खासगीपणाच्या बाजूने मात्र मला सेल्सियसचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. ही कर्ज आणि व्याज देणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांत लाखो ग्राहकांची नावं आणि व्यवहार छापून आले. चौदा हजारांहून अधिक पानं. व्यवहाराची तारीख आणि रक्कम एकदा नावासकट हाती आली की साखळीवर (ब्लॉकचेनवर, म्हणजे नाण्याच्या सार्वजनिक खातेवहीत) तोच व्यवहार शोधून काढायला फार वेळ लागत नाही. म्हणजे त्या लोकांनी पुढे पैसे कुठे नेले तेही दिसणार.

म्हणून स्वतःकडे चावी ठेवणारं वॉलेट घ्या. ओळखायची खूण सोपी : पहिल्यांदा उघडताना ते तुम्हाला १२ किंवा २४ (मोनेरो या नाण्यासाठी १६ किंवा २५) शब्द लिहून घ्यायला सांगतं. ईमेल, फोन नंबर किंवा ओळखपत्र मागितलं तर तिथेच थांबा. चावी स्वतःकडे ठेवणाऱ्या वॉलेटला तुमचं नाव माहीत असण्याचं काही कारण नाही.

शब्द कागदावर लिहा. स्क्रीनशॉट नको, क्लाउड नको. बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून २०१६ साली सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेली होती. २०२२ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी त्यातली बरीचशी परत मिळवली, कारण चाव्यांची फाइल आरोपीच्या क्लाउड खात्यात सापडली. चोरांची कीव करायचं कारण नाही, पण क्लाउडमध्ये ठेवलेली गोष्ट किती आपली असते, हे त्यावरून कळतं.

पायरी ३ : वॉलेट नाण्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही

बिटकॉइनची खातेवही जगासाठी उघडी आहे. २२ मे २०१० रोजी दोन पिझ्झांसाठी दिलेली १० हजार बिटकॉइन आजही कोणीही जाऊन पाहू शकतं. त्या वहीत नावं नसतात, पत्ते असतात. पण एका पत्त्याला नाव चिकटलं की बाकीचे त्याच्यामागे ओढले जातात. चांगलं बिटकॉइन वॉलेट ही ओढाताण कमी करतं, वही बंद करू शकत नाही.

इथेरियमची स्थिती याहून नाजूक. तिथे माणसं वर्षानुवर्षं एकच पत्ता वापरतात, त्यावरच टोकन, त्यावरच चित्रं (एनएफटी), आणि वर त्या पत्त्याला 'डॉट ईथ' असं छान नावही लावतात. पैशाच्या पाकिटावर आपलं नाव, शिल्लक आणि वर्षभराची खरेदी छापून ते गळ्यात अडकवण्यासारखं आहे हे. इथेरियम वापरायचंच असेल तर निदान कामागणिक वेगळं खातं करा आणि त्यांच्यात आपापसात पैसे फिरवू नका.

मोनेरो हे नाणं २०१४ पासून आहे आणि खासगीपणा तिथे ऐच्छिक नाही. घेणाऱ्यासाठी प्रत्येक व्यवहारात एकदाच वापरायचा पत्ता आपोआप तयार होतो, रक्कम २०१७ पासून झाकलेली असते, आणि पाठवणाऱ्याचं खरं नाणं पंधरा फसव्या नाण्यांच्या घोळक्यात उभं केलं जातं. सगळेच झाकलेले असल्यामुळे झाकलेला माणूस उठून दिसत नाही. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते : बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने २०२४ च्या फेब्रुवारीत मोनेरो काढून टाकलं आणि युरोपीय संघात २०२७ च्या जुलैपासून नोंदणीकृत कंपन्यांना अशी नाणी हाताळता येणार नाहीत. तेव्हा मोनेरोचं वॉलेट घेण्याआधी नाणी आणणार कुठून आणि विकणार कुठे, हे पाहून ठेवा.

झीकॅश २०१६ साली आलं. त्यात दोन तऱ्हेचे पत्ते आहेत, उघडे आणि झाकलेले. उघड्या पत्त्यावरचं झीकॅश बिटकॉइनइतकंच पारदर्शक असतं, आणि पुष्कळ लोक नकळत तेच वापरत राहतात. इथे वॉलेटची निवड फार महत्त्वाची : झाकलेला पत्ता मुळातच वापरणारं वॉलेट घ्या, उदाहरणार्थ झोडल (पूर्वीचं नाव झाशी). अनेक नाणी एकत्र सांभाळणारी वॉलेटं बऱ्याचदा फक्त उघडा पत्ता देतात.

पायरी ४ : वॉलेट कोणाशी बोलतं?

माझ्या मते निवडीचा निकाल इथे लागतो, आणि नवखी माणसं नेमकी हीच पायरी गाळतात.

तुमच्या फोनमध्ये बिटकॉइनची अख्खी वही नसते. मग वॉलेटला शिल्लक कळते कशी? ते एखाद्या सर्व्हरला विचारतं : "या पत्त्यावर काही आलं का? आणि या? आणि या?" सर्व्हरला एका दमात कळतं की हे सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे कोणत्या इंटरनेट जोडणीवरून, बोलतोय. साखळीवर तुम्ही कितीही काळजी घ्या, घराच्या मागच्या दाराने सगळं बाहेर जातंय.

काही वॉलेटं याच्याही पुढे जातात आणि सर्व्हरला एक्सपब देऊन टाकतात. एक्सपब ही तुमच्या पत्त्यांची जननी म्हणा. तिच्यावरून तुमचे आजवरचे आणि पुढे होणारे सगळे पत्ते काढता येतात. पैसे खर्च करता येत नाहीत, फक्त पाहता येतात, पण कायमचे. सामुराय हे बिटकॉइन वॉलेट खासगीपणासाठीच नावाजलेलं होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या दोन्ही संस्थापकांना अटक झाली, एकाला अमेरिकेत आणि दुसऱ्याला पोर्तुगालमध्ये, आणि सर्व्हर जप्त झाले. ज्यांनी स्वतःचा सर्व्हर जोडला नव्हता त्यांचे एक्सपब कंपनीच्याच सर्व्हरकडे जात होते. खासगीपणाचं वॉलेट वापरूनही आपली वही दुसऱ्याच्या कपाटात होती, हे अनेकांना त्या दिवशी उमगलं.

इथेरियमच्या जगात हा मधला माणूस म्हणजे आरपीसी पुरवठादार, वॉलेटला साखळीवरची माहिती पुरवणारी कंपनी. मेटामास्क हे इथेरियमचं वॉलेट बनवणाऱ्या कन्सेन्सिसने २०२२ च्या नोव्हेंबरात आपल्या धोरणात स्पष्ट लिहिलं की वॉलेटमध्ये आधीपासून लावलेला त्यांचा इन्फ्युरा हा पुरवठादार वापरून व्यवहार केल्यास आयपी आणि वॉलेटचा पत्ता नोंदला जातो. गदारोळ झाला, पण त्यात नवं काही नव्हतं. आधीपासून जे शक्य होतं ते कागदावर आलं. मेटामास्कच्या सेटिंगमध्ये आरपीसी बदलता येतो. आणि वर सांगितलेली वेगवेगळी खाती एकाच ॲपमध्ये ठेवलीत, तर पुरवठादाराला ती एकाच घरातली आहेत हे दिसू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून वॉलेट उतरवण्याआधी (डाउनलोड करण्याआधी) त्याच्या माहितीत पुढच्या गोष्टी शोधा. स्वतःचा नोड (साखळीची वही स्वतः तपासणारा आपला संगणक) किंवा सर्व्हर जोडता येतो का? टॉरमधून, म्हणजे तुमचा आयपी लपवणाऱ्या जाळ्यातून, जाता येतं का? वापराची आकडेवारी आणि बिघाडाचे अहवाल बंद करता येतात का? या तिन्हींना 'नाही' असं उत्तर आलं तर पुढे वाचायची गरज नाही.

स्वतःचा नोड हा शब्द ऐकून घाबरू नका, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या मागेही लागू नका. बिटकॉइनची पूर्ण वही सहाशे जीबीच्या वर गेली आहे. छाटलेला, म्हणजे तपासून झालेला जुना भाग पुसून टाकणारा नोड ठेवला तर डिस्कवर काही दहा-वीस जीबीच जागा लागते, मात्र पहिल्यांदा सगळी वही उतरवून तपासावी लागतेच. तोवर मधला रस्ता म्हणजे टॉर : सर्व्हरला पत्ते दिसतात, पण ते कुठल्या घरातून विचारले गेले ते दिसत नाही. आणखी एक पद्धत वसाबी हे बिटकॉइन वॉलेट वापरतं. ते सर्व्हरला पत्ते विचारतच नाही. प्रत्येक ब्लॉकचा छोटा सारांश मागवून घेतं आणि आपलं काही त्यात आहे का हे स्वतःच शोधतं.

संगणकावर बिटकॉइन ठेवणाऱ्याला मी स्पॅरो सुचवतो. त्याचं एक कारण अगदी साधं आहे. खालच्या कोपऱ्यातली कळ तुम्ही कोणाशी जोडलेले आहात ते रंगाने सांगते : सार्वजनिक सर्व्हर असेल तर पिवळी, स्वतःचा बिटकॉइन कोअर (नोड चालवणारा प्रोग्राम) असेल तर हिरवी, स्वतःचा खासगी इलेक्ट्रम सर्व्हर (नोडवरची माहिती वॉलेटला देणारा) असेल तर निळी. ज्या वॉलेटच्या कर्त्यांना ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावीशी वाटते त्यांनी बाकीचाही विचार केलेला असतो. फोनवर ब्ल्यूवॉलेट चालेल, कारण त्यात आपला सर्व्हर जोडता येतो. न जोडता वापरलंत तर ते इतरांसारखंच.

मोनेरोसाठी संगणकावर फेदर, फोनवर केक वॉलेट किंवा मोनेरुजो. इथे परक्याचा नोड वापरला तरी तुमची शिल्लक त्याला कळत नाही, कारण तपासणी तुमच्याच यंत्रावर होते. आयपी मात्र दिसतो. काही हलकी मोनेरो वॉलेटं 'बघण्याची चावी', म्हणजे तुमच्याकडे काय आलं ते दाखवणारी चावी, सर्व्हरला देऊन टाकतात. ती टाळा, नाहीतर मोनेरो घेण्यात मतलब काय?

पायरी ५ : पत्ते आणि सुट्टे

हे फक्त बिटकॉइन घेणाऱ्यांसाठी. बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ आराखड्यातच सल्ला आहे की प्रत्येक व्यवहारासाठी चाव्यांची नवी जोडी वापरावी. त्याच परिच्छेदात पुढे कबुलीही आहे की एका व्यवहारात अनेक नाणी एकत्र केली की ती एकाच मालकाची असल्याचं उघड होतं. साखळीचा माग काढणाऱ्यांचा पुष्कळसा धंदा याच एका वाक्यावर उभा आहे.

उदाहरण घ्या. तुमच्याकडे तीन नाणी, म्हणजे वेगवेगळ्या वेळी आलेल्या तीन बिटकॉइन रकमा, आहेत : ०.२ कामाच्या मोबदल्यातलं, ०.३ एका अनोळखी माणसाला जुना कॅमेरा विकून आलेलं, ०.५ एक्स्चेंजवरून ओळखपत्र देऊन घेतलेलं. तुम्ही ०.४ पाठवलेत. साधं वॉलेट पहिली दोन नाणी परस्पर उचलेल, ०.४ पाठवेल आणि उरलेलं जवळपास ०.१ तुमच्याच एका नव्या पत्त्यावर परत टाकेल. आता काम देणारा आणि कॅमेरा घेणारा, दोघांनाही एकमेकांकडची रक्कम तुमच्या नावावर लावता येते. पुढच्या वेळी ते ०.१ आणि ०.५ एकत्र खर्च झाले की एक्स्चेंजकडे असलेलं तुमचं नावही या गाठोड्यात बांधलं गेलं.

यावर उपाय म्हणजे कॉइन कंट्रोल : कोणतं नाणं खर्चायचं ते तुम्ही निवडायचं. त्याच्या जोडीला प्रत्येक नाण्याला लेबल लावायची सोय हवी, कारण सहा महिन्यांनी कोणतं नाणं कुठून आलं होतं हे ब्रह्मदेवालाही आठवणार नाही. वरच्या उदाहरणात ०.५ मधून एकट्याने पैसे दिले असते तर तिन्ही कप्पे वेगळे राहिले असते. स्पॅरो आणि इलेक्ट्रम (हेही एक बिटकॉइन वॉलेट) दोन्हींत हे जमतं. फोनवरच्या पुष्कळ वॉलेटांत जमत नाही, आणि केवळ त्यासाठी मी ती बाद करतो.

कधीतरी कोणीच न मागता पत्त्यावर चिमूटभर रक्कम येऊन पडते. ती खर्चू नका. तुमच्या इतर नाण्यांसोबत ती उचलली जावी आणि गाठ बसावी, यासाठीच ती टाकलेली असते. चांगलं वॉलेट असं नाणं गोठवून ठेवू देतं.

मिसळण, म्हणजे कॉइनजॉइन, याबद्दल नवखे नेहमी विचारतात. अनेकांची नाणी एका व्यवहारात ढवळायची ही पद्धत चालते, पण पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नका. काही एक्स्चेंज अशी नाणी स्वीकारत नाहीत, आणि मिसळल्यावर ती पुन्हा एकत्र खर्चली तर केलेलं सगळं पाण्यात.

पायरी ६ : उतरवताना

कोड खुला असलेलंच वॉलेट घ्या, आणि ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रात सगळ्यात वर येणारी जाहिरात कधीच दाबू नका. २०१८ च्या डिसेंबरात इलेक्ट्रमच्या जाळ्यात भामट्यांनी आपले सर्व्हर घुसवले होते; वॉलेटच्याच खिडकीत 'नवी आवृत्ती उतरवा' असा संदेश यायचा आणि दुवा बनावट आवृत्तीचा असायचा. म्हणजे वॉलेट स्वतः जे सांगतं तेही पडताळायचं. उतरवलेल्या फाइलीची डिजिटल सही, म्हणजे ती खऱ्या कर्त्यांचीच असल्याची खूण, तपासायची पद्धत प्रत्येक चांगलं वॉलेट आपल्या पानावर देतं. पहिल्यांदा अर्धा तास जातो, नंतर दोन मिनिटं.

पायरी ७ : हार्डवेअर वॉलेट हवं का?

हार्डवेअर वॉलेट म्हणजे चावी सांभाळणारं छोटं वेगळं यंत्र. रक्कम गमावली तर झोप उडेल एवढी असेल, तर हवं. चावी इंटरनेटपासून लांब राहते. पण खासगीपणाच्या दृष्टीने धोका यंत्रात कमी, खरेदीत जास्त. २०२० साली अशी यंत्रं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची यादी फुटली आणि डिसेंबरात अडीच लाखांहून अधिक लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर आले. नाणी जागच्या जागी राहिली. पण 'या घरात क्रिप्टो आहे' अशी यादी जगभर फिरू लागली आणि धमक्यांचे मेसेज सुरू झाले. तेव्हा मागवताना घरचा पत्ता आणि रोजचा ईमेल देऊ नका. शक्य असेल तिथे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून हातोहात घ्या. जुनं, कोणी वापरलेलं यंत्र मात्र फुकट मिळालं तरी नको.

आणखी एक मेख : यंत्रासोबत येणारं कंपनीचं ॲप शिल्लक दाखवण्यासाठी कंपनीच्याच सर्व्हरशी बोलतं. यंत्र तेच ठेवा आणि ते स्पॅरोला जोडा. ट्रेझर, बिटबॉक्स, कोल्डकार्ड ही सगळी त्याला जोडता येतात.

फोन हातात घेणाऱ्या चौथ्या माणसासाठी पासफ्रेज कामी येते. शब्दांच्या जोडीला आणखी एक गुप्त शब्द दिला की त्याच शब्दांतून पूर्णपणे वेगळं वॉलेट उघडतं. मात्र तो शब्द विसरलात तर कोणीही मदत करू शकत नाही, आणि एक अक्षर चुकलं तरी चूक झाल्याचा इशारा येत नाही, रिकामं वॉलेट उघडतं.

पायरी ८ : पैसे टाकण्याआधी

वॉलेट तयार करा, शब्द लिहा, किरकोळ रक्कम पाठवा. मग वॉलेट पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. रक्कम दिसली तर कागद बरोबर. बिटकॉइन वॉलेट असेल तर दोनदा 'पैसे घ्या' दाबून पाहा : पहिल्या पत्त्यावर रक्कम आल्यावरही दुसऱ्यांदा तोच पत्ता आला तर ते वॉलेट काढून टाका. टॉर चालू केल्यावर शिल्लक अजून दिसतेय का तेही बघा.

ज्यांच्याकडे जुनं वॉलेट आहे ते इथे येऊन शेवटची चूक करतात. नवं वॉलेट मनासारखं लागलं की उत्साहाच्या भरात 'सगळी रक्कम पाठवा' दाबतात, आणि वर्षानुवर्षं वेगवेगळे राहिलेले जुने पत्ते एकाच व्यवहारात एकमेकांना बांधले जातात. मीही हेच केलं होतं, त्या मित्राच्या मेसेजनंतर आठच दिवसांनी. एकेक नाणं वेगळ्या दिवशी, वेगळ्या नव्या पत्त्यावर न्या. शुल्क थोडं जास्त पडेल. आणि ज्या जुन्या पत्त्यावर तुमचं नाव आधीच चिकटलेलं आहे तिथलं नाणं नव्या वॉलेटात आणूच नका. ते जुन्यातच ठेवा आणि जिथे नाव द्यावंच लागतं अशा ठिकाणी खर्चून टाका.